करडई, ज्वारी आणि मेंढी : बनबिहारी निंबकर यांचे संशोधनकार्य

जैवतंत्रज्ञान हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, पांढरे डगले आणि एखाद्या महानगरातील वातानुकूलित प्रयोगशाळा येते. या शास्त्राचा मेंढवाड्याशी, करडईच्या काट्यांशी किंवा ज्वारीच्या ताटाशी काही संबंध असेल असे सहसा मनात येत नाही. महाराष्ट्रात मात्र असा संबंध एका माणसाच्या हयातीत आणि एकाच तालुक्याच्या गावी जुळून आला. तो माणूस म्हणजे फलटणचे बनबिहारी विष्णू निंबकर. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादा शास्त्रज्ञ प्रश्न कसा निवडतो आणि मिळालेले उत्तर लोकांपर्यंत पोचताना त्याचे काय होते, हे समजून घेण्यास रसायनशास्त्र यावे लागत नाही.

निंबकरांच्या घराण्याची हकीगत प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. त्यांच्या मातोश्री मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि भारतात व्यवसायोपचार या शास्त्राचा पाया घालणाऱ्या म्हणून प्रसिद्धी पावल्या. या विषयाचे देशातील पहिले विद्यालय त्यांनी १९५० साली मुंबईत सुरू केले. बनबिहारींच्या पत्नी जाई निंबकर या इंग्रजीतून लिहिणाऱ्या कादंबरीकार. त्यांच्या आई म्हणजे आपल्या सर्वांना परिचित असलेल्या इरावती कर्वे. अशा घरातील मुलगा अमेरिकेत शेतीशास्त्र शिकतो आणि परत येऊन शहरात नोकरी न धरता फलटणला शेती करू लागतो, ही गोष्ट त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. १९६८ साली त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नारी’ म्हणतात. पुढे दिलेल्या वाणांच्या नावांत हाच शब्द येतो. स्त्रीवाचक अर्थाशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

फलटण तालुक्याची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या संशोधनाचा रोख कळणार नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याखाली येणारा भाग उसाचा. कालव्याच्या वरचा, शंभू महादेवाच्या डोंगररांगांकडे चढत जाणारा भाग पर्जन्यछायेतला. तेथे बाजरी, रब्बीची ज्वारी, करडई आणि मेंढरे. पाण्याखालच्या शेतकऱ्याकडे लक्ष देणारे पुष्कळ होते, साखर कारखाना होता, बँका होत्या. वरच्या भागातील पिकांना आणि जनावरांना असा वाली नव्हता. निंबकरांनी ज्या विषयांवर आयुष्य वेचले त्यांतील बहुतेक या वरच्या भागाचे आहेत.

करडईचे उदाहरण प्रथम घेऊ. हे पीक रब्बीत, जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर येते. मूळ खोल जाते, पाणी फारसे लागत नाही आणि तेल उत्तम प्रतीचे मिळते. एवढे गुण असून शेतकरी ते टाळतो, याचे एक कारण म्हणजे काटे. पीक वाळले की पानांच्या कडांवरचे व बोंडांभोवतीचे काटे सुईसारखे कडक होतात आणि काढणी-मळणीच्या वेळी हात रक्तबंबाळ करतात. मग बिनकाट्याची करडई का पेरू नये? बिनकाट्याचे प्रकार ठाऊक होते, पण उत्पन्नात ते काटेरी वाणांच्या मागे पडत. फलटणच्या संस्थेत या दोन गुणांची सांगड घालण्याचे काम अनेक वर्षे चालले. २००१ साली ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्याचा संकर प्रसारित झाला.

संकर करणे हे करडईत सोपे नाही, आणि त्याची अडचण समजून घेण्याजोगी आहे. करडईच्या फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात आणि बहुतेक फलन त्याच फुलातल्या परागाने होते. अशा पिकात दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा तर मादी म्हणून लावलेल्या ओळीतील झाडांना स्वतःचा पराग असता कामा नये. काही झाडांत एका जनुकामुळे पराग वांझ निघतो. अशी झाडे मादी म्हणून वापरता येतात. परंतु ही वांझ ओळ टिकवायची तर तिचा संकर पराग असलेल्या भावंडांशीच करावा लागतो, आणि मग दर पिढीत निम्मी झाडे वांझ व निम्मी परागयुक्त निघतात. बीजोत्पादकाला ओळीतून फिरून ती निम्मी झाडे फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच ओळखून उपटावी लागतात. त्यात आणखी एक गाठ अशी की काटेरीपणा हा प्रभावी गुण आहे. आईबापांपैकी एक जरी शुद्ध काटेरी असला तरी संकराला काटे येतात. म्हणजे दोन्ही पालक बिनकाट्याचेच हवेत आणि दोन्ही चांगले उत्पन्न देणारे हवेत. असा संकर शेतकऱ्याच्या हाती पडतो तेव्हा त्यामागची ही उपटाउपट कोणाला दिसत नाही.

बिनकाट्याच्या करडईने आणखी एक दार उघडले. तिच्या पाकळ्या हाताने खुडता येतात. या पाकळ्यांचा उपयोग रंगासाठी व काढ्यासाठी फार जुना आहे, आणि त्यांपासून चहासारखे पेय करण्याचा प्रयोगही संस्थेने केला. तरीही येथे दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. आपल्याकडे ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी टाकण्याची जुनी चाल आहे, ती तेलासाठी जेवढी आहे तेवढीच गुरे आत शिरू नयेत म्हणून आहे. करडईचे कुंपण काट्यामुळेच कुंपण असते. काटा गेला की शेतकऱ्याची बोटे वाचतात, पण राखण वाढते. मोकाट गुरांच्या गावात बिनकाट्याचे बी वाटून भागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सुधारित वाण काही ठिकाणी का रुजत नाहीत याची कारणे शोधताना शास्त्रज्ञाने अशा साध्या गोष्टींकडे अधिक पाहावयास हवे.

ज्वारीविषयी थोडक्यात सांगतो. काही ज्वारींच्या ताटात उसासारखा गोड रस असतो. १९७० नंतरच्या दशकापासून निंबकरांनी अशा गोड ताटाच्या जाती आणि आपल्याकडील धान्याची ज्वारी यांच्या मिश्रणातून वरती कणीस, मध्ये रस आणि उरलेला चोथा जनावरांना, असे पीक बनविण्याचा प्रयत्न केला. ‘मधुरा’ हा त्यांतील गाजलेला संकर. उसाला वर्षभर वा अधिक काळ पाणी लागते, तर ही ज्वारी सुमारे चार महिन्यांत तयार होते. या रसापासून काकवी केली गेली. १९८० नंतरच्या दशकात याच संस्थेतील अभियंते अनिल राजवंशी यांनी रसापासून मद्यार्क काढून त्यावर दिवा व शेगडी चालविण्याचे प्रयोग केले. रसात खडीसाखरेच्या जातीच्या शर्करेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज व पिष्टही असते, त्यामुळे दाणेदार साखर नीट पडत नाही, म्हणून काकवी आणि मद्यार्क हेच मार्ग राहतात. कल्पना सुंदर होती. पण रस तासांच्या हिशेबात आंबतो, ताटे ठराविक थोड्या दिवसांतच गोडीच्या शिखरावर असतात, आणि कारखाना तर महिनोन्‌महिने चालावा लागतो. शेजारी उसाची पक्की व्यवस्था उभी असताना गोड ज्वारीने तिची जागा घेतली नाही, यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही.

आता मेंढीकडे वळू. या प्रकरणाचा विस्तार अधिक आहे आणि तो त्या योग्यतेचाही आहे.

दख्खनच्या पठारावरची मेंढी ही दख्खनी जातीची. फलटणजवळच्या लोणंदच्या बाजारावरून तिच्या एका प्रकाराला लोणंदी म्हणतात. ही मेंढी उन्हात मैलोन्‌मैल चालते, काटक्याकुटक्यांवर जगते, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर धनगराबरोबर भटकते, शेतात बसवली तर खत देते. मात्र एका वेताला ती बहुधा एकच कोकरू देते. लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही. तेव्हा धनगराचे उत्पन्न विकलेल्या कोकरांवर अवलंबून असते. चरायचे माळ दिवसेंदिवस कमी होत चालले असताना मेंढ्यांची संख्या वाढवून उत्पन्न वाढविणे शक्य नाही. राहिला एकच उपाय : तेवढ्याच मेंढ्यांनी अधिक कोकरे द्यावीत.

आहार सुधारून जुळ्यांचे प्रमाण किंचित वाढते, पण धनगराच्या कळपाला खुराक घालणार कोण? निवड पद्धतीने वाढवायचे तर या गुणाचा आनुवंशिक वाटा फार लहान, पिढ्यान्‌पिढ्या निघून जातील. येथे बंगालमधील एका लहानशा मेंढीची कथा सुरू होते. सुंदरबनच्या दलदलीत गारोळ नावाची मेंढी पाळतात. मोठी वाढलेली मादी सुमारे दहा-बारा किलोची, म्हणजे आपल्याकडील बोकडापेक्षाही लहान. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, आणि एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देते. निंबकर आणि त्यांचे सहकारी पशुवैद्य प्रदीप घळसासी यांनी १९९३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पशुधनविषयक पत्रिकेत या ‘सूक्ष्म मेंढी’चे वर्णन प्रसिद्ध केले. गारोळ मेंढ्या फलटणला आणल्या गेल्या.

या मेंढीचे एक जुने, विसरलेले देशांतर आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियातील नव्या वसाहतीत गेल्या. पुढे तेथे मेरिनो मेंढीचे राज्य आले आणि बंगाली मेंढी नावनिशाणीने पुसली गेली. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास न्यू साउथ वेल्समधील कूमा गावाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात असाधारण प्रमाणात जुळी-तिळी जन्मत असल्याचे दिसले. १९५८ साली त्यांनी पाच कोकरांच्या एका वेतातला मेंढा तेथील राष्ट्रीय संशोधन संघटनेला दिला. हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने या कळपाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १९८२ च्या सुमारास असे अनुमान निघाले की हा गुण अनेक बारीकसारीक जनुकांचा मिळून नसून एकाच मोठ्या जनुकाचा आहे. टर्नरबाईंनी इतिहासाची कागदपत्रे धुंडाळून त्याचा उगम बंगाली मेंढीत असावा असा तर्कही मांडला.

तर्क सिद्ध व्हायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड येथील तीन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे जनुक नेमके शोधून काढले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका ग्राही प्रथिनाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झालेला असतो, ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘जी’. त्यामुळे त्या प्रथिनाच्या साखळीतील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते. परिणाम असा की बीजकोशातील पुटके लहान असतानाच पक्व होतात आणि एकाऐवजी दोन-तीन बीजे एका वेळी सुटतात. या जनुकाला ‘फेक-बी’ असे नाव आहे. पुढच्याच वर्षी, २००२ साली, गारोळ मेंढ्यांच्या रक्तात हाच बदल आढळला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या बंदरातून जे गेले होते त्याचे मूळ सुंदरबनात अजून चरत होते.

या शोधाचा फलटणच्या कामाला काय उपयोग, हे समजण्यासाठी त्या कामाची रीत पाहिली पाहिजे. गारोळ आणि दख्खनी यांचे पहिले संकर आकाराने लहान निघतात. बाजारात लहान कोकराला कोण विचारतो? म्हणून संकर मेंढीला पुन्हा दख्खनी मेंढा द्यायचा, तिच्या लेकीला पुन्हा दख्खनी. गारोळचा वाटा निम्म्यावरून पाव, पावावरून अष्टमांश असा घटत जातो, आकार व काटकपणा दख्खनीचा होत जातो, आणि ते एक जनुक मात्र राखायचे. वनस्पतिशास्त्रात ही युक्ती जुनी आहे. एखाद्या चांगल्या गव्हात तांबेरा-प्रतिकारक जनुक घालायचे तर हेच करतात. आयुष्याचा पूर्वार्ध पिकांच्या संकरात घालविलेल्या संशोधकाच्या संस्थेत ही रीत मेंढ्यांना लागू व्हावी, हे मला सहज व स्वाभाविक वाटते.

पण गव्हाचे एक रोप गेले तर दुसरे हजार असतात. मेंढी दीडशे दिवस गाभण राहते, आणि दर पिढीत फक्त निम्म्या कोकरांनाच ते जनुक मिळते. कोणत्या निम्म्यांना? मादी कोकराचे उत्तर ती विण्याच्या वयाची झाल्यावर कळणार, तेही एका वेतावरून खात्रीने नाही. नर कोकराचे तर त्याच्या लेकी व्यायल्यावर. पोटात बारीक दुर्बीण घालून बीजकोशावरील खुणा मोजणे हा एक मार्ग होता, पण तोही माद्यांपुरता. २००१ नंतर प्रश्न पालटला. रक्ताच्या थेंबातून काढलेल्या डीएनएचा १९० जोड्यांचा एक तुकडा वाढवायचा, त्यावर एक विशिष्ट विकर टाकायचे. बदललेले जनुक असेल तर विकर तो तुकडा कापते आणि १६० जोड्यांचा भाग वेगळा दिसतो. नसेल तर तुकडा अखंड राहतो. दोन्ही प्रकारचे तुकडे दिसले तर जनावराकडे जनुकाची एक प्रत आहे. कोकरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, नर असो वा मादी, निकाल हाती.

हे काम एकट्याचे नव्हते. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे साहाय्य मिळाले, आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे भागीदार झाले. निंबकरांच्या कन्या चंदा निंबकर यांनी पशुसंवर्धन विभागाची धुरा घेतली आणि याच विषयावर २००६ साली त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. मांसासाठी प्रसिद्ध असलेली कर्नाटकातील बन्नूर आणि इस्रायलमधील अवासी या जातींचाही उपयोग करण्यात आला. या सर्वांतून जी मेंढी तयार झाली तिला ‘नारी सुवर्णा’ असे नाव दिले आहे. शेळ्यांच्या बाबतीतही संस्थेने दक्षिण आफ्रिकेतील बोअर जातीचे गोठविलेले भ्रूण आणून तसाच प्रयत्न केला, पण तो निराळ्या लेखाचा विषय होईल.

एका प्रतीने काय साधते? बुरूला मेरिनोत जनुकाची एक प्रत असली तर सुटणाऱ्या बीजांची संख्या सरासरी दीडने वाढते, दोन प्रतींनी सुमारे तीनने. दख्खनीत वाढ बेताची आहे : एक प्रत असलेली मेंढी दर वेताला सरासरी सुमारे अर्धे कोकरू अधिक देते, म्हणजे शंभर मेंढ्यांमागे पन्नासच्या आसपास. बेताची म्हणून ती कमी मोलाची नव्हे. उलट मला तर हेच तिचे भाग्य वाटते. माळावरच्या मेंढीच्या आचळात दोन कोकरांपुरते दूध कसेबसे असते, तिसरे जन्मले तर ते बहुधा उपाशी मरते किंवा दुसऱ्यांना घेऊन मरते. जुळे हवे, तिळे नको. ऑस्ट्रेलियातही मोठ्या कळपांच्या मालकांना तिळ्यांचे संगोपन परवडले नाही, आणि बुरूला मेंढीचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. आपल्याकडे मात्र धनगराच्या घरातील बाई एकेक कोकरू हातात धरून पाजते, अशक्त असेल त्याला शेळीचे दूध देते. जे जनुक हजारोंच्या कळपात गैरसोयीचे, ते पन्नासांच्या कळपात उपयोगी पडू शकते.

एवढे असूनही धनगराची स्वतःची निवड या जनुकाच्या विरुद्ध जाण्याचा संभव मोठा आहे. कळपासाठी मेंढा राखताना तो साहजिकच दणकट कोकरू पाहतो. एकटे जन्मलेले कोकरू आईचे सगळे दूध पिऊन फुगलेले असते. जुळ्यांतले हाडकुळे दिसते. हाडकुळे आधी बाजारात जाते, दणकट मागे राहते, आणि दणकट म्हणजे बहुधा ते जनुक नसलेले. दोन-तीन पिढ्यांत कळप पुन्हा एक कोकरू देणाऱ्या मेंढ्यांचा होऊ शकतो. म्हणून संस्थेने धनगरांच्या कळपात तपासलेले मेंढे द्यावयाचे, जनावरांच्या कानात बिल्ले घालावयाचे आणि जन्म-मृत्यूची नोंद ठेवावयाची, अशी पद्धत घातली. २०२१ साली निंबकर वारले. डीएनएची चाचणी प्रयोगशाळेत होते, पण कोणते कोकरू लोणंदच्या बाजारात न्यायचे ते संध्याकाळी वाड्यावर ठरते, आणि तेथे बिल्ल्याचा नंबर वाचणारे कोणी असावे लागते.